स्वयंचिकट छप्पर-अस्तर

स्वयंचिकट छप्पर-अस्तर : उतरत्या छपरावर कौल, पत्रा किंवा शिंगल (एकमेकांवर चढवून बसवायच्या पातळ चकत्या) चढवण्यापूर्वी खालच्या फळ्यांवर, प्लायवर अथवा स्लॅबवर चिकटवण्याची जलरोधक चादर. चिकटपणा चादरीच्या अंगचाच असतो. पाठीवरची सिलिकोन लावलेली फिल्म सोलून ती दाबली की बसते. गॅसची ज्योत किंवा तापवलेले डांबर लागत नाही. कोल्हापूरच्या बाजारात नुसते ‘मेंब्रेन’ मागितले, तर बहुतेक वेळा ज्योतीने चिकटवायची एपीपी (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची) चादर पुढे येते. ती वेगळी वस्तू आहे. लाकडी वाशांच्या घरात ज्योत वापरणे धोक्याचे असल्याने हा फरक खरेदीच्या वेळीच स्पष्ट करून घ्यावा लागतो.

हे अस्तर म्हणजे छप्पर नव्हे. पावसाचा मुख्य भार कौलांनी किंवा पत्र्यानेच पेलायचा असतो. जे पाणी त्यांना चुकवून आत येते, ते वळचणीपर्यंत सुखरूप बाहेर नेणे एवढेच अस्तराचे काम आहे. निवडीच्या आणि बसवणीच्या बहुतेक चुका ही मर्यादा विसरल्याने होतात.

उगम : या वस्तूच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिचे मूळ तळघरांच्या आणि पुलांच्या जलरोधनात आहे. पॉलिथिलिनच्या फिल्मवर रबरमिश्रित बिटुमेनचा (खनिज तेलापासूनच्या डांबराचा) थर दिलेल्या चिकट चादरी १९६० च्या दशकात त्या कामांसाठी वापरात आल्या आणि तेथून त्या छपरावर गेल्या. दुसरे मत छपराकडूनच सुरुवात करते. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात घरातल्या उबेने छपरावरचे बर्फ वितळते आणि ते पाणी वळचणीच्या गार कडेशी पुन्हा गोठते. तेथे बर्फाचा बांध तयार होतो, मागे पाणी तुंबते आणि उताराच्या उलट दिशेने शिंगलखाली शिरते. खिळ्यांनी ठोकलेला डांबरी कागद या तुंबाऱ्याला दाद देत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस खास छपरासाठी चिकट चादर आली, असे हे मत मांडते. दोन्हींत फार विरोध नसावा. द्रव्य तळघराकडून आले आणि प्रयोजन बर्फाने दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या चादरींसाठीच्या डी १९७० या अमेरिकी मानकाच्या शीर्षकात आजही बर्फाच्या बांधापासून संरक्षणाचाच उल्लेख आहे, आणि तिकडच्या गृहबांधणी संहितेत बर्फरोधक पट्टा बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून आत किमान २४ इंच (सुमारे ६१ सेंमी) न्यावा असे सांगितले आहे.

हा तपशील कोल्हापुरात दूरचा वाटेल. पण इथल्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. पाकिटावर ठळक छापलेले काही गुण, उदाहरणार्थ अतिथंडीत चिकटण्याची क्षमता, मूळच्या हवामानासाठी मोलाचे असतात. इथे पाणी तुंबण्याची कारणे निराळी आहेत : वाऱ्याने आडवा मारणारा पाऊस, दोन पाख्यांमधल्या पन्हळीत साचलेला पाला आणि सरकलेले कौल.

कौल आणि पाऊस : जिल्ह्यातील पावसाची उतरंड तीव्र आहे. घाटमाथ्यावरील गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिमीच्या वर, कोल्हापूर शहरात सुमारे १,००० मिमी, तर पूर्वेकडे शिरोळ भागात साधारण ५०० मिमी पाऊस पडतो. अवघ्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात हा फरक पडत असल्याने ‘कोल्हापूरला कोणते अस्तर चांगले’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

इथल्या उतरत्या छपरांवर दीर्घकाळ नळीची कौले आणि गरीब घरांवर उसाचा पाला होता. खाचांत अडकणाऱ्या मंगलोरी कौलाचे मूळ फ्रान्सच्या आल्सेस प्रांतातील गिलार्दोनी बंधूंच्या १८४१ च्या पेटंटपर्यंत नेले जाते. मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्यात गेओर्ग प्लेब्स्ट यांच्या हाताखाली त्याचे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी १८६० हे वर्षही काही ठिकाणी दिलेले आढळते. १८६५ अधिक ग्राह्य दिसते. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाल्यावर अशा जड मालाची वाहतूक सोपी झाली असावी. भारतीय मानक आयएस ६५४ मध्ये या कौलाच्या पाणी शोषण्यावर मर्यादा घातली आहे : एए वर्गासाठी १८ टक्के आणि ए वर्गासाठी २० टक्के. म्हणजे उत्तम कौलही थोडे पाणी पितेच. त्यात झडीचा वारा लागला की खाचेतून तुषार आत येतात. पूर्वी हे गृहीतच धरलेले असे. मृगापूर्वी घर शाकारायचे, कौले परतायची, फुटकी बदलायची आणि तरी ठिबकले तर खाली भांडे ठेवायचे. ही कामे जाणणारी माणसे आता कमी होत चालली आहेत. अस्तराची गरज पावसापेक्षा याच कारणाने अधिक वाढली, असे म्हणता येईल.

रचना : चादरीची जाडी सामान्यतः १ ते १.५ मिमी असते. चिकट थर दोन कुळांतला असतो. पहिले एसबीएस या रबराने सुधारलेल्या बिटुमेनचे. दुसरे ब्यूटाइल रबराचे. बोली मराठीत ‘डांबर’ हा शब्द बिटुमेन आणि कोळशापासूनचे कोलटार या दोहोंसाठी चालतो. रासायनिकदृष्ट्या ती भिन्न द्रव्ये आहेत, आणि कोलटार फासलेल्या जागेवर बिटुमेनची चादर चिकटवू नये. (‘डांबर’ शब्दाचा संबंध राळ या अर्थाच्या मलय ‘दामार’शी जोडला जातो, तो संभाव्य वाटतो.)

वरचे अंग कधी गुळगुळीत पॉलिथिलिनचे, कधी विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनचे, कधी वाळू पेरलेले, तर कधी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते. उतारावर चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने विणलेले किंवा खरखरीत अंग निःसंशय चांगले. गुळगुळीत फिल्मवर दव पडले की पाय ठरत नाही. चकाकणाऱ्या अंगाने घर थंड राहते हा दावा, कौल किंवा पत्रा त्याला टेकलेला असेल तर, फारसा खरा नाही. किरण परतवायला समोर मोकळी हवा लागते.

चादरीतून खिळा गेला की रबरी थर त्याच्या अंगाला घट्ट बिलगतो. या गुणावर बरीच भिस्त असते. खिळा सरळ आणि भरीव लाकडात गेला तरच तो खरा ठरतो. खाली फळीच नसेल आणि खिळा अधांतरी लोंबकळत असेल, किंवा ठोकून पुन्हा उपटला असेल, तर ते भोकच समजावे आणि त्यावर ठिगळ लावावे.

निवड : कोल्हापूर परिसरात पहिला विचार उष्णतेचा करावा. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या जवळ जाते तेव्हा गडद पत्र्याचे अंग त्याहून कितीतरी अधिक तापते. पत्र्याखाली साधे एसबीएस अस्तर मऊ पडून उताराने ओघळण्याची शक्यता असते. तिथे उच्च तापमानासाठी बनवलेले, बहुधा ब्यूटाइलचे, अस्तर घ्यावे. त्याची सहनक्षमता उत्पादक ११५ ते १२० अंशांच्या आसपास सांगतात. ते महाग पडते. कौलाखाली हवा खेळती असल्यास साधे एसबीएस पुरते.

दुसरा विचार उघडे राहण्याच्या मुदतीचा. उन्हातील अतिनील किरणांनी वरची फिल्म पिचते. उत्पादनागणिक ही मुदत साधारण ३० ते १८० दिवस असते. अस्तर लावून पैशाअभावी किंवा कारागिराअभावी कौले पुढच्या वर्षावर ढकलली, तर अस्तर वाया जाते. ते पावसाळाभर ताडपत्रीसारखे वापरणे हा नवीन बांधकामांवर वारंवार दिसणारा आणि टाळता येण्याजोगा तोटा आहे.

बैठक : चादर जिच्यावर चिकटते ती बैठक कोरडी, सपाट आणि धूळमुक्त हवी. उतरत्या आरसीसी स्लॅबवर, तो ओतल्यापासून किमान २८ दिवसांनंतर, घोटून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर आधी प्रायमर लावतात. ओलावा तपासायला प्लॅस्टिकचा सुमारे अर्धा मीटर चौरस तुकडा चारी कडांनी टेपने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव धरले असेल तर थांबावे. धुळीची परीक्षा याहून सोपी आहे. स्लॅबवर तळहात घासावा. हात पांढरा झाला तर चादरही त्याच पांढऱ्या भुकटीला चिकटणार, स्लॅबला नव्हे. झाडून, पुन्हा पुसून, तळहाताएवढा तुकडा दाबून लावावा आणि तासाभराने ओढून पाहावा. तो ताणून लांबतो आणि मागे काळे तंतू सोडतो, तेव्हा बैठक तयार आहे. कोरड्या पानासारखा अलगद सुटला, तर नाही.

लाकडाबाबत एक स्थानिक अडचण नोंदवणे आवश्यक आहे. वाळवीपासून राखण म्हणून फळ्यांना आणि वाशांना जळके ऑइल फासण्याची पद्धत या भागात जुनी आहे. तेल बिटुमेनला विरघळवते. अशा फळीवर चादर पहिल्या दिवशी चिकटल्यासारखी वाटते आणि उन्हाळ्यात सैल पडते. अशा ठिकाणी नव्या प्लायचा किंवा सिमेंट फायबर बोर्डाचा थर आधी ठोकणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

बसवणी : काम मार्च ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात, शक्यतो सकाळी उरकावे. दुपारच्या उन्हात चिकट थर इतका आक्रमक होतो की वाकडी पडलेली चादर उचलून पुन्हा नीट मांडता येत नाही, आणि ओढल्यास ताणली जाते. ताणलेली चादर पुढे आखडून जोड उघडते. वळवाचा भरवसा नसल्याने पेलेल एवढीच लांबी एका दिवशी घ्यावी. सुरकुतीखाली शिरलेले पाणी बाहेर निघत नाही.

दोन पाखी मिळतात ती पन्हळ सर्वांत आधी झाकतात. तिथे मध्यरेषेपासून बाहेर दाबत जावे, नाहीतर चादर पुलासारखी अधांतरी राहते आणि पुढे पाय पडला की फाटते. मग वळचणीकडून आढ्याकडे आडव्या पट्ट्या लावतात. वरची पट्टी खालचीवर ९ ते १० सेंमी यावी; लांबीतला जोड १५ सेंमीचा असावा आणि लागोपाठच्या पट्ट्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. वळचणीची पत्र्याची पट्टी अस्तराखाली आणि तिरक्या कडेची पट्टी अस्तरावर, हा क्रम उलटला तर पागोळ्यांचे पाणी फळीच्या टोकात मुरते. भिंतीला छप्पर भिडते तेथे चादर १५ ते २० सेंमी वर न्यावी. हाताने दाबणे पुरेसे नाही. वजनी रूळ फिरवावा, विशेषतः जोडांवर.

कौलांच्या छपरात याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. अस्तरावर आडव्या रिपा थेट ठोकल्या, तर प्रत्येक रीप लहान बांध होते. आत आलेले पाणी आणि पाला तिच्यामागे साचतो, लाकूड कुजते आणि खिळ्यांपाशी पाणी उभे राहते. म्हणून आधी उताराच्या दिशेने २० ते २५ मिमी जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकून त्यांवर आडव्या रिपा घ्याव्यात. पट्ट्यांमधून पाणी वळचणीला निघते आणि हवाही खेळते. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी याच पट्ट्या गाळल्या जातात. त्या गाळायच्या असतील तर महागडी चादर घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पूर्ण की अंशतः आच्छादन : या प्रश्नावर जाणकारांत एकमत नाही. सगळे छप्पर झाकावे असे म्हणणाऱ्यांचा भर सलग जलरोधनावर आहे. विरोधकांचा आक्षेप वाफेचा आहे. ही चादर पाणी अडवते तशी वाफही अडवते. स्वयंपाकघरातील आणि ओल्या भिंतींतील बाष्प वर जाऊन फळीच्या पोटाशी थांबते आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे बुरशी धरते. आरसीसी स्लॅबवर हा आक्षेप दुबळा ठरतो. तिथे पूर्ण आच्छादन योग्य वाटते. लाकडी छपरात मात्र पन्हळी, वळचण, आढे आणि भिंतीचे सांधे एवढ्याच जागी चिकट चादर वापरून मधल्या पाख्याला वाफ जाऊ देणारी, खिळ्यांनी बसवायची चादर देणे अधिक सुरक्षित दिसते. घाटमाथ्याच्या पावसात हे मत थोडे सैल करावे लागेल; तिथेही पूर्ण आच्छादन केल्यास आढ्याशी आणि वळचणीशी हवेच्या वाटा ठेवणे अटळ आहे.

शहराच्या जुन्या पेठांतील घरांत वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले एवढीच रचना असते. चिकटवायला बैठकच नसते. कौलांच्या फटीतून चुलीचा धूर आणि घरातली दमट हवा बाहेर जाई, हा त्या छपराचा गुण होता. जुन्या सागवानी तक्तपोशीवर चादर चिकटवली, तर ती पुढे सोलताना लाकडाचे अंग घेऊनच निघते. वाड्याचे लाकूड जपायचे असेल, तर सुटी करता येणारी चादर आणि दरवर्षीची शाकारणी हाच पर्याय ग्राह्य मानावा.

देखभाल : अस्तर झाकलेले असल्याने त्याची तपासणी आतूनच होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर फळ्यांच्या पोटावर, विशेषतः पन्हळीखाली, काळसर डाग पाहावेत. वानरांनी किंवा वाऱ्याने हलवलेली कौले अस्तर असले तरी लगेच नीट करावीत, कारण उघड्या फटीतून पडणारे ऊन चादरीचे आयुष्य पावसापेक्षा लवकर संपवते. फाटलेल्या जागी भोकाच्या चारी बाजूंनी किमान १५ सेंमी मोठे ठिगळ लावून त्याची वरची कड वरच्या पट्टीखाली सरकवतात.