एक पेर, एक वीत

ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई खेळांची ५० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. कोल्हापूरचा वीरधवल खाडे भिंतीला हात लावतो, मान वळवून फलकाकडे पाहतो. त्याची वेळ २२.४७ सेकंद. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची २२.४६. ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं.

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हा तो अंतरात बदलू. ५० मीटरला २२.४७ नं भागलं की वेग येतो सेकंदाला सव्वादोन मीटरच्या जवळपास. म्हणजे शंभराव्या भागात सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. आपल्या बोटाचं एक पेर! त्याच दिवशी सकाळी, पात्रता फेरीत, यानंच २२.४३ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. ती वेळ संध्याकाळी पुन्हा लागली असती तर पदक गळ्यात असतं.

पेरभर अंतर इतकं महाग का? कारण पाणी. ते हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, तर विरोध चौपट. आणि तो विरोध कापत राहायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला आठपट ताकद. पाच टक्के जास्त वेग हवा असेल तर जवळपास सोळा टक्के ताकद वाढवावी लागते. सोळा टक्के ताकद कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून मोठे जलतरणपटू ताकदीइतकाच जीव विरोध कमी करण्यात घालतात. डोकं किती खाली, कंबर बुडते की वर राहते, लाथ मारताना गुडघा किती वाकतो, यावर वर्षं जातात. श्वासाला मान वळवली की शरीराची रेघ मोडते. त्यामुळे ५० मीटरमध्ये कित्येक जण एकदाही श्वास घेत नाहीत. बावीस सेकंद दम कोंडून, जिवाच्या आकांतानं हात मारायचे. आपण घरी नुसतं बसून बावीस सेकंद श्वास रोखून पाहावा, मग त्यात पस्तीस-चाळीस हात मिळवावेत.

या शर्यतीची गंमत अशी, की सर्वाधिक वेग पहिल्याच क्षणी असतो. सूर मारून पाण्यात शिरताना शरीराचा वेग पोहण्याच्या वेगाच्या दुपटीहून जास्त असतो. तिथून तो उतरतच जातो. पाण्याखाली वेग थोडा जास्त टिकतो, कारण पृष्ठभागावर पोहताना आपण लाटा उठवतो आणि त्या उठवायला आपलीच ऊर्जा खर्ची पडते. खालून जाणाऱ्याला हा भुर्दंड कमी. म्हणूनच नियम आहे: सूर मारल्यानंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे. नाहीतर सगळे माशासारखे खालूनच गेले असते. पुढच्या ३५ मीटरमध्ये जो आपला वेग कमी गमावतो, तो जिंकतो.

आता या पेरामागची वर्षं पाहू. वीरधवल कोल्हापुरात पोहू लागला, बंगळुरूला निहार अमीन यांच्या हाताखाली घडला आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा त्याला सतरावंही पूर्ण नव्हतं. २००९ मध्ये त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.५२ ची वेळ दिली. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई खेळांत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ. १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी रौप्य मिळवलं होतं, त्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई खेळांत जलतरणाचं पदक मिळालं. पुढे राज्य सरकारची तहसीलदाराची नोकरी आली, मालवणची खुर्ची आली, सातबारा आणि पंचनामे आले, आणि सरावात मोठा खंड पडला. समोर अख्खा समुद्र आणि सरावाला तलाव नाही, हे आपल्याकडेच घडू जाणे.

त्यानंतर तो परतला आणि जकार्ताच्या त्या सकाळी २२.५२ चे २२.४३ झाले. नऊ वर्षांत नऊ शतांश. अंतरात मोजलं तर वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. नऊ वर्षांत एक वीत ही प्रगती मला तरी छोटी वाटत नाही, कारण २००९ हे पॉलियुरेथेनच्या झगझगीत पोशाखांचं वर्ष होतं. ते अंगाला घट्ट आवळत, तरंगायला मदत करत. त्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम मोडले, आणि २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली.

इतक्या खंडानंतर परतणं शक्य झालं, त्यात शरीरशास्त्राचाही वाटा आहे. सराव थांबला की सगळं सारख्या गतीनं जात नाही. लांब पल्ल्याला लागणारा दमसास काही आठवड्यांतच घसरायला लागतो. स्नायूंची स्फोटक ताकद त्या मानानं चिवट. ५० मीटरची शर्यत मुख्यतः स्नायूंत आधीच साठवलेल्या इंधनावर आणि ऑक्सिजनविना जाळलेल्या साखरेवर चालते. १५०० मीटरवाल्याला असं परतणं फार जड गेलं असतं. अमेरिकेच्या अँथनी एर्विननं २००० साली सिडनीत याच शर्यतीचं सुवर्ण बरोबरीत मिळवलं, मग कित्येक वर्षं स्पर्धा सोडल्या, आणि २०१६ मध्ये रिओला पस्तिसाव्या वर्षी पुन्हा सुवर्ण जिंकलं. तेही एका शतांशानं. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयनं तर पाण्यातले किलोमीटर मुद्दाम कमी करून ताकदीचा व्यायाम वाढवला आणि २०२४ मध्ये पॅरिसला सोनं नेलं. खंडात खरा हरवतो तो पाण्याचा ‘फील’, तळव्याला पाणी ‘पकडल्याची’ जाणीव. ती जिममध्ये येत नाही. त्यासाठी पाण्यातच उतरावं लागतं.

राहिला तो भिंतीचा स्पर्श. भिंतीवरचं टचपॅड नुसत्या बोट लागण्यानं घड्याळ थांबवत नाही, त्याला जरा दाबावं लागतं. एरवी लाटांनीच ते थांबलं असतं. शेवटचा हात बरोबर भिंतीपाशी संपला तर उत्तम. थोडं अंतर उरलं तर तसंच सरकत जायचं की अर्धा हात आणखी मारायचा, हा निर्णय क्षणात घ्यायचा, आणि पेर इथं सहज जातं.

शतांशाच्या पुढे मोजत का नाहीत? घड्याळ मोजू शकतं. १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही शैली पोहायच्या शर्यतीत, दोघांची वेळ ४:३१.९८ आली, तेव्हा हजारावा भाग पाहून स्वीडनच्या गुन्नार लार्सनला विजेता ठरवलं. फरक ०.००२ सेकंद. त्यानंतर नियम बदलला, कारण प्रश्न घड्याळाचा नसून गवंड्याचा होता. ५० मीटरच्या तलावाची लेन नियमानुसार तीन सेंटिमीटरपर्यंत लांब असली तरी चालते. हे वाचलं की जकार्ताचं ते सव्वादोन सेंटिमीटरचं पेर पुन्हा डोळ्यांपुढे येतं. तिथल्या लेन असमान होत्या असं अजिबात म्हणायचं नाही, पण ब्राँझ ज्या अंतरानं गेलं, ते बांधकामात माफ असलेल्या चुकीपेक्षा कमी होतं एवढं खरं.

वीरधवलनं निवृत्ती घेतली ती २०२३ मध्ये, गोव्यातल्या राष्ट्रीय खेळांत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन. त्याच स्पर्धेत महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णही खाडेंच्याच घरी गेलं. ते जिंकलं त्याच्या पत्नीनं, ऋजुतानं.