रॅपामायसिन

रॅपामायसिन हे स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील जिवाणूंपासून मिळणारे मॅक्रोलाइड (मोठ्या वलयाची रचना असलेल्या) वर्गातील संयुग. औषध म्हणून त्याचे नाव सिरोलिमस. प्रतिरोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला ते देतात. पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मात्र ते हत्यार म्हणून वापरले जाते, आणि त्याची खरी थोरवी तिथेच दिसते.

१९६४-६५ मध्ये कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. संयुगाचे नाव त्यावरूनच पडले. माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले आणि १९७५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, ती कँडिडासारख्या बुरशीवरचे औषध म्हणून. पण ते प्रतिकारशक्तीही दाबते असे दिसले. बुरशीच्या औषधात हा दोषच, त्यामुळे काम मागे पडले. पुढे प्रयोगशाळा हलवली जात असताना सेहगल यांनी जिवाणूंचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. दोष ठरलेला तोच गुण पुढे कामी आला : १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रतिरोपणासाठी औषधाला मंजुरी मिळाली.

त्याची काम करण्याची रीत आडवळणाची आहे. पेशीत शिरल्यावर रॅपामायसिन आधी एफकेबीपी-१२ या छोट्या प्रथिनाला चिकटते आणि मग ही जोडी एका मोठ्या प्रथिनाला जाऊन अडवते. ते मोठे प्रथिन कोणते, हे १९९१ मध्ये यीस्टवरील प्रयोगांतून कळू लागले. रॅपामायसिनला दाद न देणारे यीस्ट शोधले, तेव्हा त्यांच्या ज्या जनुकांत बदल सापडले त्यांना ‘टॉर’, म्हणजे ‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ असे नाव मिळाले. सस्तन प्राण्यांतील त्याचा जोडीदार, एमटॉर, १९९४ मध्ये हाती लागला. एरवी प्रथिन आधी माहीत असते आणि त्यावरचे औषध मागाहून शोधतात. इथे प्रथिनाचे बारसेच औषधाने केले. अमिनो आम्ले, ऊर्जा आणि वाढीचे संकेत पुरेसे आहेत का, हे पाहून प्रथिने बनवायची की जुना माल मोडून खायचा, याचा निर्णय करण्यात एमटॉरचा मोठा वाटा असतो.

संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ या द्रावकात किंवा इथेनॉलमध्ये त्याचे संहत द्रावण करून ठेवतात. संवर्धनातील पेशींना साधारण १० ते १०० नॅनोमोलर एवढी, म्हणजे अगदी अल्प मात्रा पुरते. शेजारच्या तबकडीत नुसता डीएमएसओ तेवढाच घालायचा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. एमटॉर चालू असले की ते एस६ किनेज या प्रथिनावर फॉस्फेट लावते. तासाभराने पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला, की या किनेजवरील फॉस्फेट दाखवणारी पट्टी डीएमएसओच्या रकान्यात ठळक आणि रॅपामायसिनच्या रकान्यात जवळपास पुसलेली दिसते. एस६ किनेजचे एकूण प्रमाण दाखवणारी पट्टी मात्र दोन्हीकडे सारखीच हवी. तीही फिकी झाली असेल तर गडबड दुसरीकडे आहे.

या लखलखीत निकालाने फसगतही होते. एमटॉर दोन वेगवेगळ्या संकुलांत काम करते. रॅपामायसिन थोड्या वेळात पहिल्यालाच अडवते, तेही अर्धवट : एमटॉर ज्यावर फॉस्फेट लावते त्या ४ई-बीपी१ या दुसऱ्या प्रथिनावरील फॉस्फेट बरेचदा टिकून राहते. दुसऱ्या संकुलावर लगेच परिणाम होत नाही, पण काही पेशींत औषध दिवसभर राहिले तर त्याचीही जुळणी बिघडते. म्हणजे एका तासाचा आणि २४ तासांचा प्रयोग हे दोन निरनिराळे प्रयोग समजावेत. ‘रॅपामायसिन दिले, काही झाले नाही, म्हणून एमटॉरचा संबंध नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एमटॉरचे क्रियास्थानच बंद करणारे टोरिन-१ हे संयुग सोबत वापरून पाहिलेले बरे.

दोन प्रथिनांना एकत्र बांधण्याचा गुणही संशोधकांनी उचलला आहे. एका प्रथिनाला एफकेबीपी जोडायचे, दुसऱ्याला एमटॉरचा एफआरबी हा, रॅपामायसिन जिथे बसते तो तुकडा. रॅपामायसिन घातले की दोन्ही काही मिनिटांत एकत्र येतात. एखादे विकर (एन्झाइम) हवे त्या क्षणी पेशीपटलाशी नेता येते. अडचण एकच, पेशीचे स्वतःचे एमटॉरही त्याच वेळी अडते. म्हणून रेणूत थोडा फेरफार केलेली रूपे वापरतात, जी नैसर्गिक एमटॉरला फारशी बसत नाहीत, पण मुद्दाम बदललेल्या एफआरबीला बसतात.