दाढेतला किडा गेला, कीड राहिली

मराठीत दाताला आजही ‘कीड’च लागते. रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दाढेतले किडे गळून पडतात, असं आपल्याकडे खेड्यापाड्यांत मानलं जाई. बॅबिलोनच्या मृत्तिकापट्ट्यांवरही दात पोखरणाऱ्या किड्याविरुद्धचा मंत्र आहे. हा किडा खोटा ठरवणाऱ्यांत फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार महत्त्वाचा. त्याचा ग्रंथ आला १७२८ मध्ये.

पण किडा नाही, तर दाढ ठणकते कशाने? दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. बोट सुजलं तर कातडी ताणते. गराला मात्र चहूबाजूंनी टणक भिंती. सुजेला जागाच नाही. रात्री आडवं झालं, डोक्याकडे रक्त वाढलं, की कळ मस्तकात जाते. मग एक दिवस ठणका अचानक थांबतो आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात गर मेलेला असतो, आणि संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरू लागतो. पुढे गळू.

हा गर काढून मुळातली नळी साफ करायची आणि भरायची, यालाच आज रूट कॅनाल म्हणतात. सुरुवातीचे उपाय धसमुसळेच होते. अमेरिकेत १८३६ मध्ये स्पूनर या दंतवैद्याने गर मारायला चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक, सुचवलं. ‘नस मारणे’ हा शब्दप्रयोग तेव्हाच्या उपचाराला अक्षरशः लागू पडतो. १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून मुळातली नळी साफ करायची बारीक सुई बनवली. (हाच गृहस्थ बंदुकांच्या शोधांसाठीही प्रसिद्ध.) रिकामी नळी भरायला १८६७ मध्ये बोमन या दंतवैद्याने गटापर्चा वापरला. मलायातल्या झाडांचा हा चीक तेव्हा समुद्राखालच्या तारांवर चढवत आणि त्याचे गोल्फचे चेंडूही करत. नळीत आजही तोच भरतात.

दातांच्या दुखण्यामागे जंतू असतात हे कळल्यावर खरं तर गाडी रुळावर यायला हवी होती. झालं उलटंच. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या भाषणात सोन्याच्या टोप्यांखाली पू साठवणाऱ्या दंतचिकित्सेवर कोरडे ओढले. संधिवातापासून अनेक दुखण्यांचं खापर दातांवर फुटलं आणि पुढची दोनेक दशकं, विशेषतः अमेरिकेत, वाचवता येण्याजोगे दातही सर्रास उपटले गेले. रूट कॅनालने शरीरात विष भिनतं ही भीती अजून फिरते, तिचं मूळ या काळात आहे.

गर जंतूंमुळेच सडतो का, याचा निवाडा केला उंदरांनी. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढा भोकं पाडून उघड्या ठेवल्या. निकाल १९६५ मध्ये छापला. साध्या उंदरांचा गर सडला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्यांच्या दाढेत अन्नाचे कण अडकूनही गर जगला, वर त्याने जखमेवर नवं कवच धरलं. म्हणूनच आज नस काढून काम संपत नाही. नळी पुन्हा पुन्हा धुतात, आणि तीही बहुधा सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं त्यानेच.