अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि नोंदणी

‘करार अकरा महिन्यांचाच करा, म्हणजे नोंदणीची भानगड नाही, नोटरी पुरते.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अगदीच हवेतून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून बारा टाळून अकरा.

पण महाराष्ट्रात गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक काळ जागा वापरण्याच्या परवानगीचा) करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. मुदत किती, हा प्रश्नच तिथे नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा पुढचा भाग जास्त बोचरा आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे अनामत एक लाख की दीड, असा वाद झाला तर दीड नव्हे हे मालकाने सिद्ध करायचे.

आपला करार काढून बघा. नोटरीचा गोल शिक्का आणि सही एवढेच असेल, तर ती नोंदणी नव्हे. नोंदवलेल्या करारावर दस्त क्रमांक असतो, सोबत इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळतो. कलम ५५ मूळ कायद्यात जेमतेम तीन पोटकलमांचे आहे, स्वतः वाचता येईल.