महिला गटांची डाळ मिल (मराठवाडा)

तूर पिकवणाऱ्या बायकांनी बचत गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) नावावर गावातच चालवलेला छोटा प्रक्रिया उद्योग. मराठवाड्यात तूर बहुधा सोयाबीन वा कापसातल्या आंतरपिकाची. ती लातूरसारख्या बाजारात जाते आणि डाळ होऊन किराणा दुकानातून गावात परत येते. चुणी (डाळ करताना निघालेली साल आणि बारीक तुकडे) मात्र परत येत नाही, आणि गुरांसाठी ती वेगळी विकत घ्यावी लागते. मिल गावात असली की डाळ, चुणी आणि भरडाईची मजुरी तिन्ही गावातच राहतात.

डाळ करणे हे पूर्वीपासून बायकांचेच काम. तूर भिजवायची, लाल माती लावून रात्रभर ढीग ठेवायचा, वाळवून जात्यावर भरडायची. ही डाळ दिसायला देखणी, पण शिजायला वेळ घेते. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि पुढे ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांतून १० ते २० बायकांचे गट उभे राहिले. जात्याच्या जागी मिनी डाळ मिल आली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल त्यांपैकीच एक.

प्रक्रिया : तूर आधी चाळून आकारानुसार वेगळी करतात. रोलर आणि जाळीतले अंतर एकच असते, त्यामुळे मिसळलेल्या मालात बारीक दाणा सालीसकट सुटतो आणि मोठा फुटतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ (पांढरी) आणि बीडीएन ७१६ (लाल) हे वाणही एकत्र भरडत नाहीत. पहिल्या फेरीत सालीवर फक्त ओरखडे पाडायचे. मग क्विंटलला अर्धा ते एक किलो खाद्यतेल चोळून ढीग रात्रभर झाकून ठेवतात. साल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. ओरखड्यांतून तेल आत मुरले की तो सैल होतो. त्यानंतर ताडपत्रीवर २-३ दिवस ऊन. शेवटी क्विंटलला २ ते ३ लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, सकाळी ऊन, आणि भरडाई. साल निघालेला अख्खा दाणा म्हणजे गोटा. तो पुन्हा ओलावून, वाळवून फोडतात. नीट काम झाले तर क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ पडते. जात्यावर याहून बरीच कमी.

बिघाड बहुतेक वाळवणीत होतो, यंत्रात नव्हे. फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळीने ढीग ओला राहिला की दाणा पिठूळतो, आणि अशी डाळ पोत्यात भरली की तिला भुंगेरे लागतात. रोलर जास्त आवळला तर डाळीच्या कडा झिजतात, कळणा (बारीक चुरा) वाढतो. जाणकार बाई आधी चुणी हातात घेऊन पाहते: ती पिवळसर दिसली तर डाळच सालीबरोबर दळली जात आहे.

अर्थकारण : दुसऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देणे सर्वांत सुरक्षित, कारण त्यात भांडवल अडकत नाही. स्वतःच्या नावाने डाळ विकायची तर नवी तूर येते तेव्हाच, जानेवारी-फेब्रुवारीत, खरेदी करावी लागते. २०२५-२६ चा क्विंटलला ८,००० रुपये हमीभाव धरला तरी ५० क्विंटलला ४ लाख रुपये लागतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (२०२०) प्रकल्पखर्चाला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. यंत्र त्यातून उभे राहते, पण बंद पडलेल्या मिलकडे पाहिले तर अडचण बहुधा खेळत्या भांडवलाची असते. २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाल्यापासून भाव चढेल या आशेवर वर्षभर माल धरून ठेवणेही धोक्याचे झाले आहे.

जमिनीचा सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे कर्ज देताना बँक गटाची बचत, परतफेड आणि वह्याच पाहते. भरडाईच्या वहीत आलेली तूर, गेलेली डाळ आणि निघालेली चुणी यांची वजने वेगवेगळी लिहितात. मजुरीचा दर ठरवतानाच चुणी कोणाची हेही बोलून घ्यावे लागते. ती गटाने ठेवली तर दर कमी, गिऱ्हाईकाने नेली तर जास्त.