साखरशाळा वेगळी, हंगामी वसतिगृह वेगळं

शहरातून कुणी पाहुणे शाळा बघायला आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्याकडे साखरशाळा चालते ना?" आमची शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली. मुरमाड रान, बाजरी, तूर, थोडा कापूस. मी म्हणायचो, "साहेब, इथं उसाचं टिपरू दिसत नाही, साखरशाळा कुठून असणार?" पाहुणे गोंधळून जायचे, कारण समोरच्या व्हरांड्यात संध्याकाळी ऊसतोड कामगारांचीच पोरं पंगतीला बसलेली असायची.

ती पंगत हंगामी वसतिगृहाची. दोन्ही सोयी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, दोन्ही वर्षातले सहाएक महिनेच चालणाऱ्या. त्यामुळे बातमीत एक शब्द आणि फोटो दुसऱ्याचा, असं सर्रास होतं. फरक लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. साखरशाळा ऊस असतो तिथे असते, हंगामी वसतिगृह ऊस नसतो तिथे. एकीत शाळा मुलांच्या मागे जाते, दुसऱ्यात आईबाप जातात आणि मूल मागे राहतं. एवढं कळलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. उरलेला अर्धा मिटवायला आधी गाव रिकामं कसं होतं ते बघायला हवं.

पावसाळ्यात मुकादम उचल देऊन जातो. उचल म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेले पैसे, जे ऊस तोडून फेडायचे. ती माणशी मिळत नाही, कोयत्यावर मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. म्हणजे आई घरी राहिली आणि बाप एकटा गेला, ही वाट उचल घेतानाच बंद झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक लागतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, शेजारचं पाथर्डी, इथून टोळ्या निघतात त्या सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरला, आणि पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिलं सत्र दिवाळीला संपतं. म्हणजे पहिल्या सत्रात आमचे वर्ग भरलेले आणि अख्खं दुसरं सत्र गळीत हंगामात जातं. उसाला शाळेचं वेळापत्रक माहीत असल्यासारखंच हे जुळून येतं.

आता साखरशाळा. कारखान्याच्या आवारात किंवा कामगारांच्या तळाजवळ पत्र्याचं शेड, नाहीतर रिकामं गोदाम. पलीकडे कोप्या, म्हणजे पाचट, ताडपत्री आणि बांबूच्या झोपड्या. कारखान्यांनी जागा दिली, जनार्थसारख्या स्वयंसेवी संस्थांनी शिक्षक उभे केले, सर्व शिक्षा अभियानाचाही हातभार लागला, आणि या शाळा चालल्या. सकाळी गुरुजींचं पहिलं काम शिकवणं नसायचंच. कोप्यांतून फिरून पोरं गोळा करायची. आईबाप पहाटे अंधारात उसाच्या फडात गेलेले. एका पोराच्या कडेवर धाकटं, दुसऱ्याच्या हातात वाढ्यांची पेंढी, कारण उसाची हिरवी वाढी चारा म्हणून विकली जातात आणि त्यावर घरचं मीठ-मिरची भागतं. वर्गात पाच गावांची, तीन जिल्ह्यांची पोरं. कुणाचा धडा आठवा झालेला, कुणाचा दुसरा. माझ्या एका वर्गबंधूने दोन हंगाम अशा शाळेत काढले. तो म्हणायचा, "तू फळ्यावर शिकवतोस, मी कोपीच्या दारात शिकवतो."

साखरशाळेची आणखी एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. टोळ्या सगळ्या एकसारख्या राहत नाहीत. बैलगाडीवाल्यांचा, म्हणजे गाडी सेंटर किंवा टायर सेंटरचा तळ बहुधा कारखान्याजवळ असतो. मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारे ते डोकी सेंटर. त्यांच्या कोप्या लांबच्या गावांत, शेताच्या कडेला, आणि फड संपला की पुढे हलणाऱ्या. कारखान्यावरची साखरशाळा पहिल्यांना उपयोगी पडली. दुसऱ्यांपर्यंत ती पोचणं अवघडच होतं.

मग 2009चा शिक्षण हक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010पासून लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. मुलाला शेडातली तात्पुरती शाळा कशाला, जवळच्या नियमित शाळेत बसवा, असा विचार त्यामागे होता. विचार चांगला. साखरशाळा त्यानंतर कमी होत गेल्या. आता गाव सोडणाऱ्या मुलाच्या हातात मूळ शाळा शिक्षण हमी पत्रक देते. जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून वर्गात बसवून घ्यायचं, परतताना तिथली प्रगती नोंदवून द्यायची. म्हणून आज कुणी "साखरशाळेत शिकतो" म्हटलं तर एकदा विचारून घ्यावं. बऱ्याचदा ते मूल कारखान्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मागच्या रांगेत बसत असतं. आणि टोळी कर्नाटकात असेल तर जवळची शाळा कन्नड, मग पत्रक खिशातच राहतं.

हंगामी वसतिगृह याच्या अगदी उलट्या टोकाला. मूल गावातच, आपल्याच शाळेत, आपल्याच बाकावर. वसतिगृह म्हटल्यावर डोळ्यांसमोर इमारत, खाटा, अधीक्षक उभे राहत असतील तर ते चित्र पुसून टाका. आमच्याकडे ते शाळेचीच एक खोली, दोन मोठी पातेली आणि गावातल्या दोघी स्वयंपाकवाल्या एवढ्यावर चालायचं. पैसा समग्र शिक्षा योजनेतून, चालवणार शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि गंमत अशी की ऐन हंगामात त्यातले निम्मे पालक फडात असतात. सह्यांसाठी आजोबांना बोलवावं लागे.

दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून. सकाळचं काहीतरी आणि रात्रीचं वसतिगृहातून. झोपायला बहुतेक पोरं आजीकडे, चुलत्याकडे जायची. नावात 'वसतिगृह' असलं तरी कामात ते जेवणघर आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग. खरं वसतिगृह आजीचं घर. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, चुलीशी बसवत नाही, म्हणून लेकरं तिच्याकडे ठेवता येत नव्हती. जेवणाची सोय झाली आणि ती लेकरं सांभाळायला तयार झाली. ही योजना कागदावर मुलांची असली तरी चालली ती म्हाताऱ्यांच्या जिवावर. वाईट बाजूही सांगतो. जिथे डोक्यावर पैसे मिळतात तिथे पटावर खोटी डोकी चढतात. अशा तक्रारी झाल्या, त्यात तथ्यही होतं, आणि एखाद्या ठिकाणी चोरी झाली की भोगायला दहा प्रामाणिक शाळा. निधी उशिरा यायचा तो वेगळाच. दिवाळीनंतर पहिला महिना किराणा दुकानदाराच्या उधारीवर काढल्याचं मला नीट आठवतं.

या दोहोंतला जो फरक सहसा कुणी सांगत नाही तो 30 सप्टेंबरचा आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरतात. त्या दिवशी आमची पोरं गावात असतात. पट भरलेला, शिक्षक मंजूर. कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत दोन शिक्षक. दिवाळीनंतर पोरं गेली तर त्याच दोन शिक्षकांसमोर आठ-दहा डोकी उरतात आणि मग कुणीतरी विचारतं, ही शाळा हवीच कशाला? हंगामी वसतिगृहाने आमच्यासारख्या कितीतरी लहान शाळांचं दुसरं सत्र जिवंत ठेवलं. तिकडे कारखान्याजवळच्या शाळेची उलटी गत. सप्टेंबरात तिचा पट गावापुरता, नोव्हेंबरात दारात तीस-चाळीस नवी पोरं, शिक्षक मात्र तेवढेच. तिथल्या बाई आमच्या पोरांना मागे बसवतात म्हणून आम्ही चिडायचो. पुढे एकदा त्या भागात जाऊन तो वर्ग पाहिला आणि चिडायचं बंद केलं.

अलीकडे तिसरं नाव आलंय, त्याने गोंधळात भरच पडली. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, 2021ची. 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी 82 वसतिगृहं. ती सामाजिक न्याय विभागाची, तालुक्याच्या पातळीवरची, खरोखर राहण्याची. मोठ्या मुलांना ती उपयोगाची. दुसरीतल्या पोराला मात्र तालुक्याला कोण धाडणार?

मला कुणी विचारलं की दोन्हींतलं बरं कोणतं, तर मी वसतिगृह म्हणतो. शिक्षक म्हणून म्हणतो हे कबूल. मूल एकाच शाळेत, एकाच पुस्तकात राहतं. आई म्हणून कुणी उत्तर दिलं तर ते वेगळं येईल. सहा महिने लेकराचं तोंड न बघता ऊस तोडणं सोपं नाही. वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर सोडून जायचं तर पोटात गोळा येतो, आणि त्या भीतीपोटी मुलगी सातवी-आठवीतच उजवली जाते. साखरशाळेत निदान रात्री सगळे एका कोपीत तरी असायचे.

शिवाय वसतिगृह पहिलीपासूनच्या मुलांसाठी. त्याखालच्यांचं काय? एका दिवाळीला मी यादी करत होतो. चौथीतली एक पोर, वाचनात वर्गात पहिली. तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "गुर्जी, हिला ठिवते की मी. पण ह्या दोन वर्साच्याला फडात कोण संभाळील?" आजीला पोरगी चालणार होती, धाकटं पोर झेपणार नव्हतं. कारखान्याच्या तळावर अंगणवाडी असती तर ही यादीत राहिली असती. तळावर अंगणवाडी होती की नाही हे आईलाही जाईपर्यंत कळणार नव्हतं. मी वसतिगृहाच्या यादीतून तिचं नाव खोडलं आणि हमी पत्रक लिहून दिलं.

एप्रिलमध्ये ट्रक परत आले. पोर दुसऱ्या दिवशी शाळेत आली, पत्रक जसंच्या तसं घडी घातलेलं, त्यावर कुठल्याच शाळेचा शिक्का नव्हता. वार्षिक परीक्षेला नऊ दिवस होते. भाऊ तिच्याच शेजारी बसला होता, तिचं बोट धरून.