‘याला ठाण्याला पाठवा!’

कुणी जरा विचित्र वागलं की आपण पटकन म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा.’ पुण्याकडे याच कामाला येरवडा वापरतात. १९०१ सालापासून चालू असलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाला या विनोदाने इतकं बदनाम केलंय, की ठाण्यातच राहणाऱ्याला तिथला केसपेपर काढायची लाज वाटते.

समजा, कळव्यात राहणारा एक बावीस वर्षांचा पोरगा आहे. घरोघरी जेवण पोचवतो, पॉलिसी वगैरे काही नाही. तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, ऑर्डर हातात घेऊन जिन्यातच बसून राहतो. घरचे म्हणतात, आळस. खरं तर हे नैराश्य असू शकतं.

या वयाला शास्त्रीय महत्त्व आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. मेंदूची बांधणी तोवर चालूच असते. बिनकामाच्या जोडण्या छाटल्या जातात, कामाच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. भावना उसळवणारे भाग आधी तयार होतात. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि वाहतूक एकदमच चालते ना, तसंच. सायकोसिससारख्या, भास-भ्रम होणाऱ्या आजारात उपचाराला जितका उशीर, तितकं पूर्ववत होणं अवघड, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने घ्यावी लागते. सोबत समुपदेशकाबरोबर आठवड्याला एक अशा बारा-सोळा बैठका. यात खाट कुठे आली? बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही.

आणि विमा उभा असतो तो खाटेवर. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, की विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा. चांगलंच आहे. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते दाखल झाल्यावर. महात्मा फुले योजनेचा भरही रुग्णालयातल्या उपचारांवरच आहे. म्हणजे उद्या या पोराच्या हातात विम्याचं कार्ड आलं, तरी खासगी डॉक्टरची फी त्याच्याच खिशातून जाणार! म्हणून मला वाटतं, तरुणांसाठी सरकारी पैसा कार्डापेक्षा थेट ओपीडीत जायला हवा.

तसा तो थोडा जातोही. त्याच कायद्याच्या १८व्या कलमानुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचाराचा हक्क आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत. जेनेरिक गोळ्याही फार महाग नाहीत. महाग आहे तो माणसाचा वेळ: देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ धड वाट्याला येत नाही, आणि बैठक घ्यायला निदान पाऊण तास हवा.

त्यात ओपीडी सकाळची. रांगेत अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची कमाई बुडाली. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे, फुकट, मराठीतही. शेवटची ऑर्डर देऊन रात्री बाराला, गाडीवर बसल्या बसल्या त्याला फोन लावता येतो. पुढच्या बैठकांसाठी मात्र समोर माणूस लागेल. त्यासाठी कळव्यात एक खोली आणि संध्याकाळी सहा ते नऊ बसणारा पगारी समुपदेशक, एवढं पुरे.